शेपटीत काकण घालणारं मांजर

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

पहिलीचा वर्ग मिळाला हे वाचून फार बरं वाटलं. विनोदी कविता कशी शिकवायची, असं तू विचारलंस. शिकवूच नकोस, म्हणून दाखव. माझ्या वर्गासाठी मी ही चार ओळींची रचली होती:

सकाळ झाली, आला पदेर,
मांजर धावले घराबाहेर;
काकण घातले शेपटीत एक,
म्हणते, "आता मी राजाची लेक!"

ही म्हणताना तू हसायचं नाहीस. घडलेली बातमी सांगावी तसा चेहरा ठेव. 'पदेर' म्हटल्यावर त्या पाववाल्याच्या भोंग्याची पोंऽऽ पोंऽऽ मुलांना काढू दे. काकण म्हणजे हातातली बांगडीही आणि पदेराच्या टोपलीतला बांगडीसारखा गोल पावही, ही गंमत फोडून सांगू नकोस. ज्याला कळेल तो शेजाऱ्याला कोपराने ढोसून सांगतोच.

आणि 'राजाची'नंतर थांब. घाई करू नकोस, चांगली दोन श्वास थांब.

आपल्या गोव्यातली बरीच मुलं घरी कोकणी बोलतात. शाळेतली मराठी त्यांना सुरुवातीला पाहुण्याच्या घरासारखी वाटते, जपून वावरायची. माझ्या वर्गातला एक मुलगा दोन महिने 'हजर'पलीकडे बोलला नव्हता. त्या दिवशी मी थांबले आणि मागच्या बाकावरून तो ओरडला, "केक!" राजाचा केक! यमक चोख बसलं होतं. मग अख्ख्या वर्गाला तसंच म्हणायचं होतं. आम्ही तसंच म्हटलं. कोणी 'मांजर'ला 'माजर' म्हणालं, तर तिथेही अडवू नकोस. मूल ठेक्यात आलंय, ते मोडायचं नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी हसणाऱ्या वर्गाला थांबवून विचारलं होतं, "यातून काय बोध घ्याल?" सगळी तोंडं एकदम मिटली. ती शांतता मला अजून आठवते.

एका बाबतीत मात्र कडक राहा. कोणाच्या जाडेपणावर, रंगावर, बोबडेपणावर हसवणारी कविता कितीही झकास जमलेली असो, ती वर्गात न्यायची नाही. तसं एखादंच मूल असतं आणि सगळ्या माना त्याच्याकडेच वळतात.

पालक म्हणतील, हा पोरखेळ कशाला? तेव्हा सांग, २००३ सालचं ज्ञानपीठ ज्यांना मिळालं त्या विंदा करंदीकरांनी मुलांसाठी संग्रहामागून संग्रह लिहिले. हे काम त्यांना कमी वाटलं नाही.

कविता घेशील त्या सकाळी पदेराकडून एक काकण घेऊन जा. आधी नुसतं टेबलावर ठेव, काही बोलू नकोस. आणि तुझ्या वर्गाने 'राजाची'नंतर काय म्हटलं, ते मला लगेच कळव.

तुझी,
बाई