शाळेच्या पत्र्याच्या हॉलमध्ये आवाज घुमतो, मागच्या मुलांना शब्द कळत नाहीत. मोठा ॲम्प्लिफायर घ्यावा का?

नको. आवाज वाढवला की घुमणंही तेवढंच वाढतं. स्पीकर मुलांच्या जवळ न्या. २५ मीटर लांब हॉल असेल तर स्टेजशी दोन, आणि तिथून १२ मीटरवर बाजूच्या भिंतींना दोन छोटे. उंची अडीच-तीन मीटर, तोंड खाली, बसलेल्या मुलांकडे झुकवलेलं. पत्र्याकडे किंवा मागच्या भिंतीकडे नाही. मधल्या जोडीला ३५ मिलिसेकंद डिले द्या, म्हणजे तिचा आवाज तेवढा उशिरा सुटू द्या. आवाजाला १२ मीटर जायला तेवढाच वेळ लागतो. डिले नसेल तर मागे शब्द एकमेकांत मिसळतात.

स्टेजचे स्पीकर माइकच्या पुढे हवेत. सूत्रसंचालक माइक घेऊन त्यांच्या समोर गेला की शिट्टी वाजणारच. माइकची जाळी मुठीत धरली तरी तेच, आणि मुलं हमखास तशीच धरतात. मिक्सरवर माइकच्या चॅनेलचं लो-कट (खालचे जाड सूर कापणारं) बटण दाबून ठेवा, गडगडाट कमी होतो.

स्पीकरमधून हम, म्हणजे सतत गुणगुण, येत असेल तर मिक्सर आणि ॲम्प्लिफायरला एकाच बोर्डावरून वीज द्या, लांबच्या केबल एक्सएलआर (तीन पिनांच्या) वापरा. अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका.