दोघींचं गाणं दोघींचंच राहू दे

तुझा मेसेज वाचला, खूप आनंद झाला. बर्लिनमध्ये हिब्रूत गाणारी एक आणि अरबीत गाणारी एक अशा दोघींना एका गाण्यात आणायचं आणि अरेंजमेंट तू करायची, मस्तच आहे रे, पण त्याआधी नोआ आणि मीरा अवाद या दोन इस्रायली गायिकांचं काम शांतपणे बसून ऐक.

नोआ म्हणजे अहिनोआम निनी, घरचे येमेनी ज्यू, जन्म तेल अवीवचा पण वाढली न्यूयॉर्कमध्ये. मीरा गॅलिलीतल्या रामे गावची, वडील पॅलेस्टिनी आणि आई बल्गेरियन. आता यात कोण पूर्वेची कोण पश्चिमेची ते तूच ठरव. आणि मागे गेलास तर अजून गुंता, सालेह आणि दाऊद अल-कुवैती हे ज्यू भाऊ बगदादमध्ये इराकी संगीतातले मोठे स्टार होते, १९५१ मध्ये इस्रायलला आले, आणि दाऊदचा नातू दुदू तासा इतक्या वर्षांनी त्यांचीच अरबी गाणी रॉक बँडबरोबर गातोय. म्हणून एकीवर ज्यू आणि एकीवर अरब असं लेबल लावून चाली वाटून देऊ नकोस, दोघींच्या घरात काय गायलं जायचं ते आधी विचार.

नोआ आणि मीराने २००२ मध्येच बीटल्सचं एक गाणं एकत्र केलं होतं, युरोव्हिजन ही देशादेशांची गाण्याची स्पर्धा, त्यात इस्रायलकडून दोघी गायल्या ते २००९ मध्ये, मॉस्कोला. इतकी जुनी ओळख होती म्हणून त्या टिकल्या असं मला वाटतं, कारण स्पर्धेसाठी निवड झाली तेव्हा गाझात युद्ध चालू होतं आणि ज्यू आणि अरब कलाकारांनी मिळून मीराला पत्र लिहिलं की माघार घे, तुमच्या जोडीमुळे सगळं छान चाललंय असं खोटं चित्र जगापुढे जातंय. हे म्हणणं हलक्यात घेऊ नकोस. तुझ्या दोघींनाही कोणीतरी हेच विचारणार, तेव्हा उत्तर त्यांचं हवं, तू लिहून दिलेलं नको.

युरोव्हिजनमधल्या त्यांच्या गाण्याचा नंबर १६ वा आला, ते सोड. क्रेडिट बघ, नोआ, गिटारवाला गिल डोर आणि मीरा, तिघांचं नाव आहे. मीरा पाहुणी म्हणून चार ओळी गायला आलेली नव्हती. हिब्रू, अरबी आणि इंग्लिश अशा तीन भाषा आहेत त्यात, आणि मला स्वतःला इंग्लिश भाग सगळ्यात कमी आवडतो, तिथे दोघींचे उच्चार गुळगुळीत होतात. तुला प्रोड्यूसर सांगेल की इंग्लिश हुक, म्हणजे पटकन तोंडात बसणारी ओळ, टाक म्हणजे सगळ्यांना कळेल, शक्यतो टाळ.

आता सुरांचं. अरबी संगीतात आपल्या रागांसारखे मकाम असतात, त्यातला हिजाझ तुला सोपा जाईल, खालचा अर्धा भाग आपल्या भैरवसारखाच लागतो. रास्त या मकामात मात्र गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध बसतो, तो तुझ्या कीबोर्डवर नाहीच, आणि तू खाली मेजर कॉर्ड, म्हणजे शुद्ध गंधार असलेला स्वरमेळ, धरून ठेवलीस तर अरबी गाणारी बिचारी नकळत शुद्ध गंधारावर सरकेल आणि तुला कळणारही नाही की तिचं काय गेलं. तिथे कॉर्ड काढून टाक, ऊद हे अरबी तंतुवाद्य नाहीतर व्हायोलिन घे, नुसता षड्ज धरलास तरी चालेल.

डेमो पाठवशील तेव्हा मिक्स नको, दोघींचे ट्रॅक वेगवेगळे पाठव, आणि गीत-संगीत म्हणून कोणाकोणाची नावं लावणार आहेस तेही त्यातच लिही.