चीज चवीच्या मक्याच्या पफमध्ये दूध किती आणि धान्य किती?

आपला प्रश्न असा आहे: मुलगी आठ वर्षांची आहे, शाळेतून आल्यावर तिला रोज चीज चवीच्या मक्याच्या पफचे एक छोटे पाकीट लागते, आणि घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात की मका हे धान्यच आणि चीज म्हणजे दूधच, मग बिघडले कुठे? मी आहारतज्ज्ञ नाही. गोव्यात फोंड्याजवळ शाळेच्या वाटेवर आमचे किराणा दुकान आहे, इकडे ज्याला पसरो म्हणतात, आणि रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी त्याच गल्ल्यावर बसलो, त्यामुळे पाकिटाची मागची बाजू वाचण्याची खोड मला लागली आहे. हीच पाकिटे माझ्याही दारात माळेने लटकलेली असतात, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

पाकिटात दूध नावापुरते असते, धान्य निम्म्याहून थोडे अधिक असते, आणि उरलेला मोठा वाटा तेलाचा असतो, ज्याचा उल्लेख आपल्या घरच्या वादात कोणीच केलेला दिसत नाही. कंपनीनुसार आकडे बदलतात, परंतु १०० ग्रॅम पफमध्ये सर्वसाधारणपणे ५४ ग्रॅम कर्बोदके, ३५ ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि ६ ग्रॅम प्रथिने असतात. कर्बोदकांच्या व प्रथिनांच्या एका ग्रॅमला ४ आणि स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅमला ९ किलोकॅलरी धरल्या की बेरीज ५५५ होते, आणि त्यांतील ३१५, म्हणजे निम्म्याहून जास्त, एकट्या तेलाच्या असतात. २५ ग्रॅमच्या पाकिटाला हा हिशोब लावला, तर सुमारे १४० किलोकॅलरी, पावणेनऊ ग्रॅम तेल आणि जेमतेम दीड ग्रॅम प्रथिने हाती लागतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलांना दिवसाला साधारण २३ ग्रॅम प्रथिने लागतात. त्यात या दीड ग्रॅमचे मोल काय, ते आपणच ठरवावे.

तेल इतके असते यावर माझ्या भाच्याचा विश्वास बसत नव्हता, कारण बोटांना ते तेलकट न लागता कोरडे, भुकटीसारखे लागते. म्हणून आम्ही एका काचेच्या पेल्यात गरम पाणी घेऊन त्यात मूठभर पफ टाकले आणि ढवळले. घडीभरात सगळे विरघळून पेजेसारखा पिवळट गढूळपणा आला, आणि थोडा वेळ पेला तसाच ठेवल्यावर वर नारिंगी तेलाचा तवंग जमला, अगदी हुमणावर, म्हणजे आमच्याकडच्या माशांच्या आमटीवर, येतो तसा. आपणही मुलीला शेजारी बसवून हे करून पाहावे. आकड्यांपेक्षा तो तवंग मुलांना लवकर पटतो.

आता धान्याविषयी. पफसाठी जो मक्याचा रवा वापरतात, त्यातून दाण्याचे साल आणि अंकुर बहुधा आधीच काढून टाकलेले असतात, आणि तंतू, जीवनसत्त्वे व खनिजे यांचा बराच भाग त्यांतच असतो. मागे राहतो तो मुख्यतः स्टार्च. हा रवा किंचित ओलावून यंत्राच्या नळीतून स्क्रूने दाबत पुढे ढकलतात. आत दाब आणि उष्णता इतकी वाढते की पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही द्रवच राहते, आणि पीठ तोंडाच्या बारीक भोकातून बाहेर पडताच त्या पाण्याची क्षणात वाफ होऊन ते फुलते. ही युक्ती १९३० च्या दशकात अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात गुरांचे खाद्य तयार करण्याच्या यंत्रात योगायोगाने सापडली, असे सांगतात. त्यानंतर पफ तळतात किंवा भाजतात आणि फिरत्या पिंपात त्यांवर मसाल्याची भुकटी चढवतात. ती भुकटी चिकटावी म्हणून तेल लागतेच, तेव्हा पाकिटावर ‘भाजलेले, तळलेले नाही’ असे लिहिलेले असले तरी पाठीमागचा स्निग्ध पदार्थांचा आकडा वाचल्याशिवाय त्यावर भिस्त ठेवू नये. मक्याच्या प्रथिनांत लायसीन आणि ट्रिप्टोफॅन ही आवश्यक अमिनो आम्ले कमी असतात, म्हणजे जी थोडी प्रथिने आहेत तीही अपुऱ्या प्रतीची आहेत.

चीजबद्दल मात्र पाकीटच खरे बोलते, कारण घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिला मका, दुसरे खाद्यतेल (पुष्कळदा पामोलीन), आणि त्यानंतर मसाल्याच्या मिश्रणात मीठ, माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली भुकटी), दुधाचे घन पदार्थ, मठ्ठ्याची भुकटी यांच्या रांगेत कुठेतरी चीजची भुकटी येते. मिठाच्याही मागे जो घटक छापला आहे, तो मिठापेक्षा कमीच असणार, एवढे तर्काने समजते. चव चीजची लागते ती या भुकटीबरोबरच आम्लतेमुळे, स्वादद्रव्यामुळे आणि ६२७ व ६३१ क्रमांकांच्या चव वाढवणाऱ्या पदार्थांमुळे. ६३१ म्हणजे डुकराची चरबी, असा निरोप दर काही महिन्यांनी मोबाइलवर फिरतो आणि गिऱ्हाईक ते पाकीट माझ्यासमोर नाचवते. तो पदार्थ चरबी नसून एक न्यूक्लिओटाइड क्षार आहे. तो मांस-मासळीपासून तसाच स्टार्चच्या किण्वनापासूनही बनवता येतो, आणि पाकिटावर हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका असेल तर तो प्राणिज असता कामा नये.

मिठाचा हिशोब थोडा नीट मांडतो, कारण आपल्याकडच्या जेवणात तो महत्त्वाचा ठरतो. पफमध्ये १०० ग्रॅमला ८०० ते १००० मिलिग्रॅम सोडियम असणे सर्रास आढळते, म्हणजे लहान पाकिटात २०० ते २५०. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा दिवसाला २००० मिलिग्रॅमची, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मिठाची आहे, आणि मुलांसाठी ती त्यांच्या ऊर्जेच्या गरजेनुसार कमी धरायची असते. एका पाकिटाने आभाळ कोसळत नाही. पण ज्या घरात पेजेबरोबर लोणचे असते आणि पावसाळ्यात सुक्या सुंगटांची किसमूर (सुकी कोळंबी आणि खोबऱ्याचे तोंडीलावणे) असते, तिथे मिठाचा घडा आधीच बराच भरलेला असतो.

पाकिटावरचे टक्केही असेच जपून वाचावेत. दैनंदिन गरजेच्या किती टक्के, असे जे छापलेले असते, ते २००० किलोकॅलरी, ६७ ग्रॅम एकूण स्निग्ध पदार्थ, २२ ग्रॅम संपृक्त स्निग्ध पदार्थ आणि २००० मिलिग्रॅम सोडियम या प्रौढांच्या मापाने काढलेले असते. आपल्या मुलीच्या वयाला सुमारे १७०० किलोकॅलरी पुरतात, तेव्हा तेच पाकीट तिच्यासाठी छापलेल्या टक्क्यांपेक्षा जड असते. शिवाय ‘एका वाढपाचे’ आकडे प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीच्या वजनाला देते. दोन पाकिटांची तुलना करायची असेल तर १०० ग्रॅमचाच रकाना पाहावा. आणि एखाद्या अमेरिकी संकेतस्थळावर या पफमध्ये लोह, नायसिन, फोलिक आम्ल असल्याचे वाचले असेल, तर तिकडे मक्याच्या पिठात ती बाहेरून मिसळण्याची पद्धत आहे. आपल्या पाकिटावर तसा उल्लेख नसेल तर ती जमेस धरू नयेत.

केवळ कॅलरींवरून या पदार्थाला दोष देणे मला पटत नाही. भाजलेल्या शेंगदाण्यांतही १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वरच किलोकॅलरी असतात, पण त्यांच्याबरोबर २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि भरपूर तंतू येतात, आणि मूठभर दाणे चावता चावता जबडा दमतो. पफ मात्र जिभेवर ठेवताच विरतो. त्यात पाणी जवळजवळ नसते (म्हणूनच आमच्या पावसात उघडे पाकीट तासाभरात सादळते), बाकी सगळी हवा असते, त्यामुळे १४० किलोकॅलरी पोटात गेल्या तरी पोटाला काही खाल्ल्याची वर्दी पोहोचत नाही आणि मूल दुसऱ्या पाकिटाकडे हात करते. माझ्या गल्ल्यावरून हे मी रोज पाहतो.

म्हणून माझे मत असे की रोज देऊ नये. आठवड्यातून एकदा-दोनदा द्यावे, आणि तेही पाकीट हातात न देता वाटीत काढून, सोबत शेंगदाणे किंवा भाजलेले चणे घालून. धान्य आणि कॅल्शियम दोन्ही हवे असेल, तर नाचणीचे तिझन, म्हणजे गूळ घालून शिजवलेली नाचणीच्या पिठाची खीर, आहेच. नाचणीत १०० ग्रॅमला ३४० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असते आणि गुळामुळे मुले ते कुरकुर न करता खातात. आमचा भाचा अर्थात वाटीतले पफ आधी वेचून संपवतो, चणे तसेच ठेवतो, आणि मग नारिंगी झालेली बोटे एकेक करून चाटतो. वडीलधाऱ्यांना त्यातले चीज दाखवायचे असेल, तर ते त्या बोटांवरच असते.