विचारा बिनधास्त : जुनी पेटी, बंद कीबोर्ड आणि घरच्यांचं 'पाप'

प्रश्न : दादा, मी सेलूचा (जि. परभणी). वडील भजनी मंडळात पेटी वाजवायचे म्हणून पेटीची थोडीफार ओळख आहे. दिवाळीत एका खेड्यातून जुनी पेटी ३,५००ला घेतली, भात्याला १,८०० गेले, मोबाईलवर फोटो टाकले तर लातूरच्या माणसानं ९,०००ला नेली. आता हाच धंदा करावा वाटायलंय. पण दुसऱ्यांदा कीबोर्ड घेतला तो चालूच होईना, ४,००० अडकून पडले. आणि घरचे म्हणायलेत, म्हाताऱ्या माणसाकडून स्वस्तात घेऊन महाग विकणं पाप हाय. काय करू?

उत्तर : भाऊ, आधी तो कीबोर्ड. अडॅप्टर कुणाचा लावला? जुन्या कॅसिओत बऱ्याचदा पिनचा मधला भाग मायनस असतो अन् यामाहात प्लस, लोक घरात सापडेल तो अडॅप्टर लावतात आणि "बंद पडला" म्हणून माळ्यावर टाकतात. सेल टाकायची सोय असेल तर सेल टाकून बघा, सुरू झाला तर जिंकलात. सुरू होतो पण चार-पाच पट्ट्या मुक्या, असं असलं तर आतल्या रबराच्या काँटॅक्टवर धूळ बसलेली असते, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं की बऱ्याचदा बोलायला लागतात. बोर्डच जळालेलं असेल तर मात्र ४,००० गेले समजा. यापुढं वाजवून बघितल्याशिवाय कीबोर्ड घेऊ नका, "लाइट नाही आत्ता" म्हणणाऱ्याकडून तर मुळीच नाही.

पेटीचं तुम्हाला कळतं, तर पेटीच धरा की. पट्टी न दाबता भाता मारा, दोन-तीन झटक्यांत तो टाईट व्हायला पाहिजे, सुटासुटाच चालत राहिला तर हवा गळायलीय. गळतीला घाबरू नका, चामडं-कापड बदलता येतं (आपल्याकडं कोठीत ठेवलेल्या पेटीचं चामडं उंदरानं खाल्लेलं नसलं तरच नवल). बघायचे ते सूर, म्हणजे आतल्या आवाज काढणाऱ्या पितळी जिभा. झाकण काढून बॅटरी मारा, सूर ट्यूनिंगसाठी घासून घासून पातळ केलेले दिसले तर सोडून द्या, सगळे बदलायचे तर नफा तिथंच संपतो. पालिताण्याचे चांगले सूर असले आणि खोकं खराब असलं तरी घ्या. खोकं उन्हाळ्यात तडकतंच इकडं, ४२च्या वर पारा गेला की लाकूड कुठं जाणार. 

हिशोब तुम्ही ३,७०० नफ्याचा धरला असणार. पण दोन चकरांचं पेट्रोल, ट्रॅव्हल्सचं पार्सल, थर्माकोल आणि भाता व्हायला लागलेले दिवस धरा. अन् जून महिन्यात जपून, पेरणीच्या तोंडावर जो पेटी विकायला काढतो तो नडलेला असतो, त्याला पाडून मागू नका. पापाचं माझं मत एवढंच, की मी हे दुरुस्त करून विकणार आहे असं तोंडावर सांगायचं, काय बिघडलंय ते दाखवायचं आणि मग भाव करायचा. त्यातून तो म्हणाला "द्या अजून पाचशे" तर द्यायचे. सप्ताहाच्या आधी, श्रावणाच्या आधी गिऱ्हाईक तुमच्याकडं येतं, घाई तिकडची असते.

मी स्वतः एकदा फसलो. अंबाजोगाईजवळच्या एका गावात एकानं पेटी दिली, पैसे घेतले, आठ दिवसांनी मंडळाची पाच-सहा माणसं दारात! पेटी मंडळाची होती, ह्यानं परस्पर विकली. चहा पाजून परत दिली, पैसे काही सगळे आले नाहीत. तेव्हापासून मी विकणाऱ्याकडून कागद घेतो, सहीचा, आधारच्या झेरॉक्ससकट, आणि मंदिराची किंवा मंडळाची वस्तू असेल तर ठराव मागतो. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या ३१७ कलमात ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

प्रश्न : आजोबांची सतार विकायचीय. घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) पांढरी आहे, हस्तिदंती सांगितलं की भाव वाढतो का? (जालना)

उत्तर : नका हो! जुन्या सतारीची घोडी बहुतेक सांबरशिंगाची असते आणि सांबरशिंग, हस्तिदंत दोन्हींच्या व्यापाराला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे, भाव सोडा, गुन्हा दाखल व्हायचा. आधी मिरजेच्या एखाद्या कारागिराला दाखवा, फायबरची निघाली तर प्रश्नच मिटला. शिंगाची निघाली तर तशी विकू नका, वनखात्याच्या ऑफिसात विचारा. बाकी सतार कुरिअरनं पाठवूच नका, भोपळा फुटतो, गिऱ्हाइकालाच घरी बोलवा. आणि "पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करून पिन टाका" म्हणणारा भेटला तर फोन ठेवा, पैसे येताना पिन लागत नाही. गेलेच पैसे तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, उद्यावर ढकलू नका.