ईमॅक्स युजरला विचारतं कसं?

प्रश्न: ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये स्वतःची एक छोटी कमांड लिहिलीये, ती गावाचं नाव विचारते. उत्तर घ्यायला रीड-स्ट्रिंग (read-string) हे फंक्शन वापरलं तर कोणी पुणे टाकतं, कोणी पुना, कोणी नुसतंच एंटर मारतं. काय करू?

उत्तर: रीड-स्ट्रिंग सोडा हो, ते काहीही टाइप केलं तरी निमूट घेतं. कम्प्लीटिंग-रीड (completing-read) घ्या. त्याला आधी प्रॉम्प्ट द्यायचा, मग गावांची लिस्ट, आणि चौथ्या जागी टी (t, म्हणजे 'हो') दिलात की लिस्टबाहेरचं नाव ते घेतच नाही, मिनीबफरमध्ये, म्हणजे खाली उत्तर टाइप करायच्या ओळीत, 'पु' टाइप करून टॅब दाबला की जुळणारी नावं समोर येतात. पण एक गोची आहे, टी दिलं तरी रिकामं एंटर चालतं, डीफॉल्ट दिलेलं नसेल तर हातात रिकामी स्ट्रिंग येते, म्हणून सातव्या जागी डीफॉल्ट द्याच.

आणि हा प्रश्न फंक्शनच्या पोटात विचारू नका प्लीज, फंक्शनच्या सुरुवातीला येणाऱ्या इंटरॅक्टिव्हमध्ये (interactive) विचारा, तिथे लिस्टच्या रूपात आर्ग्युमेंट, म्हणजे फंक्शनला द्यायची माहिती, बनवता येतं. बरेच जण इथेच चुकतात. इंटरॅक्टिव्हमध्ये विचारलं की तेच फंक्शन दुसऱ्या कोडमधून बोलावलं तर मध्येच प्रॉम्प्ट उगवत नाही, गाव थेट पाठवता येतं. युजरचा विचार बदलला तर रद्द करायला कंट्रोल-जी आहेच, त्यासाठी वेगळं काही लिहावं लागत नाही.

हो-नाही विचारायचं असेल तर साध्या गोष्टींना वाय-ऑर-एन-पी (y-or-n-p), एकच की पुरते. फाइल डिलीट करण्यासारखं काही असेल तर मात्र येस-ऑर-नो-पी (yes-or-no-p), त्यात पूर्ण शब्द लिहून एंटर मारावा लागतो आणि ते तसंच असायला हवं.