चित्रपटाचं ‘मूळ नाव’ कोणतं धरायचं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांत ग्रंथपाल आहेत, फिल्म सोसायटीवाले आहेत आणि घरच्या संग्रहाची यादी करायला बसलेले हौशी वाचकही आहेत. पेच सगळ्यांचा एकच: एका चित्रपटाची चार नावं समोर येतात, त्यातलं खरं कुठलं?

प्रश्न: आमच्या महाविद्यालयात मराठी चित्रपटांच्या डीव्हीडींची नोंद चालू आहे. वेष्टनावर एक नाव, सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर वेगळं स्पेलिंग, आयएमडीबीवर तिसरंच. अधिकृत कोणतं? (ग्रंथपाल, सातारा)

पडद्यावरचं. चित्रपट आपल्या मूळ देशात पहिल्यांदा प्रदर्शित झाला तेव्हा टायटल कार्डवर जे नाव, ज्या लिपीत दिसलं ते मूळ नाव. फिल्म अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, म्हणजे ‘फियाफ’ची, पुस्तिका घ्या किंवा ग्रंथालयांची आरडीए नियमावली घ्या, दोन्हींचा कौल पडद्याकडेच आहे. वेष्टन विक्रेता छापतो, पोस्टर जाहिरातवाला करतो, ओटीटीवरचं नाव कुणीतरी अर्जात टंकलेलं असतं. चित्रपटाच्या अंगावर गोंदलेलं नाव तेवढं टायटल कार्डवर असतं.

तेव्हा वेष्टन बाजूला ठेवा आणि डिस्क लावा. डीव्हीडीचा मेन्यू म्हणजे टायटल कार्ड नव्हे, तो नंतर कुणीतरी बनवलेला असतो. आधी प्रमाणपत्र येईल, मग तंबाखूचा इशारा, आभार, निर्मितीसंस्थांची बोधचिन्हं, ‘अमुक प्रस्तुत’, आणि त्यानंतर कुठेतरी नाव. अलीकडच्या चित्रपटांत ते दहा-पंधरा मिनिटांनी येतं, काहींत थेट शेवटी. पहिल्या तीन मिनिटांत दिसलं नाही म्हणून ‘नाव नाही’ असा शेरा मारू नका. सापडलं की चित्र थांबवा, स्क्रीनशॉट घ्या आणि नोंदीत वेळेसकट लिहा: ‘नाव टायटल कार्डवरून, ००:०४:१२’. एवढी एक ओळ असली की पाच वर्षांनी तुमच्या जागी येणाऱ्याला तीच शोधाशोध पुन्हा करावी लागत नाही.

प्रमाणपत्र टाकाऊ नाही. भाषा, लांबी, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि तारीख यांसाठी ते उत्तम. नावासाठी मात्र ते खालच्या पायरीवर ठेवा, कारण तिथलं नाव पुष्कळदा रोमन असतं आणि रोमनवरून मराठी मात्रा-वेलांट्या कळत नाहीत. ‘देऊळ’ (२०११) रोमनमध्ये ‘डी, ई, ओ, ओ, एल’ असा लिहितात. ज्याला चित्रपट माहीत नाही तो त्यावरून ‘देऊल’ किंवा ‘देओल’ करून मोकळा होतो. ‘वळू’चा ‘वालू’ होतो तो याच वाटेने. मराठी नावाची देवनागरी रोमनवरून कधीही बनवू नका. ट्रेलरलाही वेगळं प्रमाणपत्र मिळतं, तेव्हा हातातलं मुख्य चित्रपटाचंच आहे ना, एवढं बघून घ्या. जुन्या चित्रपटांची एकाहून अधिक प्रमाणपत्रं सापडतात, कारण पूर्वी त्यांची मुदत दहा वर्षांची असे. २०२३च्या दुरुस्तीने ती कायमची झाली. अशा वेळी सर्वांत जुनं धरा.

टायटल कार्ड मिळालंच नाही तर पुढे या क्रमाने जा: शेवटची श्रेयनामावली, प्रमाणपत्र, त्या काळची गाण्यांची पुस्तिका, प्रदर्शनाच्या आठवड्यातली वर्तमानपत्री जाहिरात. संदर्भकोश आणि संकेतस्थळं सर्वांत शेवटी, कारण ती बहुधा एकमेकांवरूनच उतरवलेली असतात. चार ठिकाणी एकच नाव दिसलं म्हणजे चार साक्षीदार मिळाले असं होत नाही.

प्रश्न: ‘नटसम्राट’च्या पोस्टरवर ‘असा नट होणे नाही’ असंही आहे. ते नावात घ्यायचं का? आणि पडद्यावर शुद्धलेखनाची चूक असेल तर दुरुस्त करायची की नाही?

जोडओळ टायटल कार्डवर नावाच्या सोबतच, त्याच चौकटीत असेल तर उपशीर्षक म्हणून घ्या: मुख्य नाव, मग अपूर्णविराम, मग ती ओळ. फक्त पोस्टरवर किंवा जाहिरातीत असेल तर ती घोषओळ. तिची जागा टीपेत. ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे: द रिअल हीरो’ (२०१४) यासारख्या नावात तर मराठी नि इंग्रजी एकत्र नांदतात. इंग्रजी भागाचं मराठी भाषांतर करायचा मोह टाळा.

दुरुस्ती मात्र अजिबात नको. हे सांगताना आम्हालाही जड जातं, कारण चुकीची वेलांटी पाहून हात शिवशिवतात. पण तालिकाकाराचं, म्हणजे संग्रहाच्या नोंदी करणाऱ्याचं, काम मुद्रितशोधनाचं नव्हे. पडद्यावर आहे तसं उतरवा आणि शुद्ध रूप पर्यायी नावाच्या रकान्यात द्या. मार्क पद्धत (ग्रंथालयांची संगणकीय नोंदींची, क्रमांकित रकान्यांची पद्धत) वापरत असाल तर २४५ क्रमांकाच्या रकान्यात जसंच्या तसं, २४६मध्ये शुद्ध रूप, म्हणजे शोधणाऱ्याला दोन्हींनी सापडेल. जुन्या नावांत तर जिला आपण चूक म्हणतो ती त्या काळची किंवा त्या बोलीची वळणं असतात. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) हे नाव जागोजागी ‘सांगते ऐका’ असं ‘सुधारलेलं’ दिसतं. त्या ‘त्ये’मध्ये बोलणारीचा आवाज आहे, तोच पुसला जातो.

प्रश्न: प्रभातचा ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’ ही एकाच चित्रपटाची दोन नावं समजायची का? मग मूळ कोणतं?

नाही. इथे दोन चित्रपट आहेत आणि दोघांनाही आपापलं मूळ नाव आहे. १९३७ साली पार्श्वगायन नि डबिंग आजच्यासारखं सोपं नव्हतं. प्रभात एकाच सेटवर प्रसंग मराठीत चित्रित करी आणि पुन्हा हिंदीत. म्हणजे निगेटिव्ह दोन, संवाद दोन, श्रेयनामावली दोन. ‘अयोध्येचा राजा’ आणि ‘अयोध्या का राजा’ (१९३२), ‘माणूस’ आणि ‘आदमी’ (१९३९) याच जातीचे. सर्वांत लख्ख उदाहरण ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’चं (१९४१): मराठीत पाटील झाले केशवराव दाते, हिंदीत त्या जागी मझहर खान, आणि मिर्झा मात्र दोन्हींकडे गजानन जागीरदार. नट बदलला तरी नोंद एकच ठेवायची म्हटलं तर भूमिकांच्या रकान्यात काय लिहिणार?

म्हणून दोन स्वतंत्र नोंदी करा आणि त्यांना ‘भाषिक आवृत्ती’ या नात्याने एकमेकींशी जोडा. ‘अमृतमंथन’सारखा (१९३४) प्रकार असेल, जिथे दोन्ही भाषांत नाव एकच, तिथे नावापुढे कंसात भाषा घाला.

डब केलेला चित्रपट वेगळा. तिथे चित्र तेच, आवाज बदललेला, म्हणून कृती, म्हणजे चित्रपट, एकच आणि डबचं नाव पर्यायी. पुनर्निर्मिती आणखी वेगळी: ‘सैराट’ (२०१६) आणि ‘धडक’ (२०१८) यांचं कूळ एक, पण कृती दोन. आणि नावं सारखी असूनही नातं केवळ एका पुस्तकाचं असू शकतं. ‘श्यामची आई’ १९५३चा आणि २०२३चा, इथे वर्ष नि दिग्दर्शक लिहिल्याशिवाय नोंद पुरी होत नाही.

प्रश्न: वादामुळे नाव बदललेल्या चित्रपटांचं काय? निर्मात्याने आधी ठेवलेलं तेच ‘मूळ’ नव्हे का?

‘मूळ’ या शब्दाने इथे फसायला होतं. बोलण्यात मूळ म्हणजे सर्वांत आधीचं, तालिकेत मूळ म्हणजे पहिल्या प्रदर्शनाचं. प्रभातने संत एकनाथांवरच्या चित्रपटाला आधी ‘महात्मा’ नाव दिलं होतं. त्यात गांधीजींचा उल्लेख दिसतो म्हणून सेन्सॉरने आक्षेप घेतला आणि १९३५मध्ये तो ‘धर्मात्मा’ म्हणून आला. मूळ नाव ‘धर्मात्मा’, आणि ‘महात्मा’ हे निर्मितीकालीन नाव, कारणासह टीपेत. ‘पद्मावती’चा ‘पद्मावत’ झाला (२०१८) तिथेही हाच न्याय. त्याच्या रोमन नावात मधल्या ‘आ’साठी दोन ‘ए’ आहेत. अंकशास्त्र असो वा आणखी काही, कारण शोधत बसू नका, रोमन रूप नोंदवताना दोन्ही ‘ए’ घ्या.

निर्मात्यांच्या संघटनेकडे किंवा चित्रपट महामंडळाकडे नोंदवलेलं शीर्षक म्हणजे जागा अडवण्यासाठी टाकलेला रुमाल. नोंदवलेली कितीतरी नावं पडद्यापर्यंत पोचत नाहीत.

प्रश्न: आमच्या संग्रहात जुने कोंकणी चित्रपट आहेत. नावं रोमनमध्ये आहेत. ती देवनागरीत आणून मूळ म्हणून लिहावीत का? (म्हापसा)

उलट आहे. मराठीच्या बाबतीत रोमन हे लिप्यंतर असतं, गोव्यातल्या रोमी कोंकणीत रोमन हीच लिहिणाऱ्याची लिपी. पडद्यावर रोमन असेल तर मूळ नाव रोमन, आणि देवनागरी रूप तुम्ही जोडलेलं पर्यायी. हे देवनागरी रूप बनवताना इंग्रजी उच्चाराने वाचू नका. १९६३च्या ‘आमचें नशीब’च्या नावात रोमन ‘एक्स’ आहे, आणि रोमी कोंकणीत त्या अक्षराचा उच्चार ‘श’. हे ठाऊक नसलेला माणूस ‘नोक्सिब’ लिहितो. शेवटचा ‘एम’ बहुतेक वेळा नासिक्य उच्चार दाखवतो, पूर्ण ‘म’ नव्हे. म्हणून ‘आमचेम’ नाही, ‘आमचें’.

प्रश्न: फिल्म सोसायटीच्या यादीत परदेशी चित्रपट इंग्रजी नावानेच लिहिले तर चालेल का?

वाटपाच्या यादीत चालेल, तालिकेत नाही. ‘बायसिकल थीव्ह्ज’चं मूळ नाव इटालियन, ‘लाद्री दि बिचिक्लेत्ते’ (१९४८), ‘सायकलींचे चोर’. चोर अनेकवचनी. अमेरिकेत तो ‘बायसिकल थीफ’ असा एकवचनी होऊन गेला आणि चित्रपटाचा अर्धा अर्थ तिथेच सांडला. मूळ नाव इटालियन द्या, दोन्ही इंग्रजी नावं पर्यायी म्हणून द्या. तुमच्या डिस्कवर छापलेलं नाव प्रतीच्या माहितीत.

प्रश्न: ३५ मिमीच्या डब्यात पहिलं रीळच नाही, किंवा आहे पण सुरुवात तुटलेली आहे. नाव कुठून आणायचं?

हे वारंवार घडतं, आणि त्याला कारण आहे. ३५ मिमीत एका फुटात १६ चौकटी, सेकंदाला २४, म्हणजे पाच सेकंदांचं टायटल कार्ड जेमतेम साडेसात फूट. ते असतं पहिल्या रिळाच्या तोंडाशी, आणि प्रोजेक्टरमध्ये ओवताना सर्वाधिक झीज त्याच टोकाची होते. तुटलं की कापून चिकटवायचं, दर जोडात एखाद-दुसरी चौकट जायची. गावोगाव फिरलेल्या प्रतीत नाव उरलं तर नवलच.

अशा वेळी लीडरवरचं, म्हणजे रिळाच्या टोकाला जोडलेल्या कोऱ्या पट्टीवरचं, हस्ताक्षर वाचा. डब्यावरच्या चिठ्ठीवर फार विसंबू नका: डबे अदलाबदल होतात आणि वितरकाच्या कचेरीत नावं आखडून लिहायची रीत होती. प्रतीची फुटांतली लांबी प्रमाणपत्रातल्या लांबीशी ताडून पाहा. काहीच जुळलं नाही तर स्वतः वर्णनात्मक नाव द्या, पण चौकोनी कंसात: ‘[कुस्तीचा फड, कोल्हापूर, अंदाजे १९५५]’. कंस विसरलात तर पुढच्या पिढीत ते खरं नाव होऊन बसतं.

प्रत आणि कृती एकच आहे हे गृहीत धरू नये. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची (१९१३) चार रिळं होती, आज पहिलं आणि शेवटचं तेवढं आहे. ही उरलेली रिळं १९१३ची नसून १९१७च्या ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ची असावीत असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे.

प्रश्न: नाव बरोबर टंकूनही आमच्या संगणकावर शोधात सापडत नाही.

बहुधा ‘ॲ’. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या नोंदींत लोक ‘अ’ टंकून त्यावर चंद्र देत. दिसायला तेच, संगणकाला दोन वेगळी. दुसरा संशयित ‘ऱ्य’मधला आडवा र: तो ‘ऱ’ला हलन्त देऊनही येतो आणि साध्या ‘र’ला हलन्त देऊन अदृश्य जोडचिन्ह घातलं तरी येतो. तिसरा, अंक: ‘मुंबई-पुणे-मुंबई २’ पडद्यावर ज्या अंकात आहे त्यात लिहा, दुसऱ्या अंकातलं रूप पर्यायी नावात. पहिले दोन घोळ सगळ्या यादीत ‘शोधा आणि बदला’ चालवून एकदाच निस्तरता येतात. त्याआधी यादीची प्रत काढून ठेवा.