कमी बजेटमध्ये घरीच डेस्कटॉप जोडताना काटकसर कुठे करावी?

अभ्यास, ऑफिसचं काम आणि अधूनमधून एखादा हलका गेम, एवढ्यासाठी पहिल्यांदाच स्वतः कॉम्प्युटर जोडायचाय, पैसे मोजके आहेत, तर कात्री कुठे लावू, असं तुम्ही विचारलंय. ग्राफिक्स कार्डाला लावा. ते आत्ता घेऊच नका. एसएमपीएसला, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याला, मात्र अजिबात लावू नका.

कार्ड नाही म्हटल्यावर प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स हवं, आणि तिथे नावातलं एकेक अक्षर नीट वाचावं लागतं. एएमडीच्या रायझन ५ ५६००जीमध्ये ग्राफिक्स आहे, नुसत्या ५६००मध्ये नाही. इंटेलच्या आय५-१२४००मध्ये आहे, १२४००एफमध्ये नाही. स्वस्त दिसतो म्हणून 'एफ'वाला उचलला, तर सगळं जोडून झाल्यावरही स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. गेम खेळायचेत, म्हणून या दोघांत मी ५६००जी घेईन. त्याचं ग्राफिक्स बरंच दमदार आहे.

आता रॅम. या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच वाटा घेतं. त्यामुळे रॅम जितकी वेगवान, तितका गेम सुरळीत. १६ जीबीची एक स्टिक घेण्यापेक्षा ८-८ जीबीच्या दोन घ्या. दोन्ही वाटांनी एकदम माहिती जाते-येते, म्हणजे बँडविड्थ (एका वेळी जाऊ-येऊ शकणारी माहिती) दुप्पट. ऑफिसच्या कामात हा फरक जेमतेम कळेल, गेममध्ये लगेच दिसेल. मदरबोर्डवर (सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) रॅमचे चार स्लॉट असतील तर बहुतेक वेळा प्रोसेसरच्या बाजूने मोजून दुसरा आणि चौथा वापरायचा असतो. मॅन्युअलमध्ये बघून घ्या. आणि ३२०० वेगाची रॅम अनेकदा सुरुवातीला २६६६ किंवा त्याहूनही कमी वेगाने चालते. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग, चालू केलं की पैसे दिलेला वेग मिळतो. हे करायचं खूप जण विसरतात, याची मला खरंच हळहळ वाटते.

एसएमपीएसबद्दल माझा एवढा आग्रह का? कारण तो बिघडला तर कधीकधी बोर्ड आणि एसएसडीही (फायली साठवणारी ड्राइव्ह) सोबत नेतो. अशा मशीनला ४५० वॅट भरपूर झाले, पण डब्यावरचा मोठा आकडा वाचून समाधान मानू नका. लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ने गुणा. ३६ असतील तर ४३२ वॅट, म्हणजे ठीक. आजचे प्रोसेसर आणि कार्डं जवळजवळ सगळी वीज या १२ व्होल्टच्या लाइनवरूनच घेतात. '८० प्लस'चा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, सुरक्षेची हमी देत नाही. ओव्हरव्होल्टेज आणि शॉर्टसर्किटपासून संरक्षण आहे ना, हे वेगळं तपासा. पुढे कार्ड घ्याल तेव्हाही हाच एसएमपीएस कामी येऊ शकतो.

बाकी, ५०० जीबीची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी आणि पुढे जाळी असलेलं साधं कॅबिनेट. रंगीत दिवे नकोत.

जोडताना बोर्ड थेट कॅबिनेटमध्ये बसवू नका. त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा, प्रोसेसर, कुलर आणि रॅम लावा आणि एकदा चालू करून बघा. काही चुकलं असेल तर इथेच कळतं, नंतर सगळं उसकटावं लागत नाही. ५६००जीच्या पिना प्रोसेसरच्याच खाली असतात. कोपऱ्यातला त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा, तो आपल्या वजनानेच आत बसतो. जोर लावावा लागतोय म्हणजे काहीतरी चुकतंय. २४ पिनांची केबल सगळे लावतात, प्रोसेसरजवळची ८ पिनांची राहून जाते. पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन काही वेळ काळी राहू शकते, लगेच बंद करू नका.

कॅबिनेटमध्ये बसवताना बोर्डाच्या भोकांखालीच स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारे छोटे धातूचे खुंट) आहेत ना ते बघा. एखादा भलत्याच जागी राहिला तर शॉर्टसर्किट होऊ शकतं. पॉवर बटणाची वायर उलटी लागली तरी चालते, एलईडीची चालत नाही.

विंडोज ११ला टीपीएम २.० हे सुरक्षेचं मॉड्यूल लागतं. ते या प्रोसेसरमध्येच आहे, बायोसमध्ये एफटीपीएम (प्रोसेसरमधल्या टीपीएमचं नाव) चालू असल्याची खात्री करा. लायसन्सचा खर्च नको असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाका. ब्राउझर आणि लिब्रेऑफिस (मोफत ऑफिस सॉफ्टवेअर) त्यात आधीपासूनच असतात. फक्त तुमचे गेम आणि ऑफिसचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का, हे आधी बघा.